मकारचा सवाल

मॉस्कोमध्ये पूर्वी जुन्या पागेची पेठ म्हणून एक वस्ती होती. राजाच्या घोड्यांवरून नाव पडलेली, रंगवलेल्या पत्र्याच्या छपरांची, सरदार घराण्यांची. तिथल्या एका वाड्यात प्रिन्स क्रोपोत्किन राहत. तीन प्रांतांत मिळून त्यांच्या मालकीचे बाराशे भूदास होते. हा आकडा फक्त पुरुषांचा. बायकांची मोजदाद करायची तेव्हा रीतच नव्हती. नुसत्या या शहरातल्या घरात पन्नास नोकर राबत.

घरात प्योत्र नावाचा धाकटा मुलगा होता. तो जेमतेम साडेतीन वर्षांचा असताना आई क्षयाने गेली. पुढे सावत्र आई आली. पण पोराला मायेने जवळ घेतलं ते नोकरांनी. रात्री घाबरला की थोपटायला दाई, भूक लागली की पदराखालून खाऊ काढून द्यायला स्वयंपाकघरातल्या बायका. ज्यांना वडील नावानेसुद्धा नीट हाक मारत नसत, त्यांच्याच अंगाखांद्यावर हा मुलगा वाढला.

त्या नोकरांत मकार नावाचा एक जण होता. वाड्यातला पियानो सुरात लावणं आणि जेवणाच्या वेळी वाढप्यांवर देखरेख करणं ही त्याची कामं. एके दिवशी वडिलांचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. कशावरून तरी राग मकारवर निघाला. प्रिन्सनी चिठ्ठी लिहिली, पाकिटात घातली आणि मकारला पोलीस चौकीवर पाठवून दिलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, शंभर छड्या.

ही त्या काळची न्यायपद्धत. मालकाने आकडा लिहायचा, चौकीवरच्या शिपायांनी तो मोजून अंगावर उतरवायचा. गुन्हा काय, साक्ष कुणाची, बचाव काय, कुणी विचारायचं नाही. माणूस पाठीवर वळ घेऊन परत यायचा आणि संध्याकाळच्या कामाला लागायचा.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मुलांच्या घशाखाली घास उतरेना. जेवण झालं तसा प्योत्र उठला आणि मकारला शोधत निघाला. अंधाऱ्या बोळात तो दिसला. चेहरा पांढराफटक, नजर जमिनीवर. मुलाने धावत जाऊन त्याचा हात धरला आणि त्याचं चुंबन घेऊ लागला. मकारने हात झटकन ओढून घेतला. म्हणाला, सोडा मला. मोठे झालात की तुम्हीसुद्धा असेच होणार ना?

मुलगा रडत ओरडला, नाही, कधीच नाही.

पुढे आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हाही प्योत्र क्रोपोत्किनला तो बोळ विसरता आला नव्हता. मी ते आत्मचरित्र वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त टोचलं ते मकारच्या बोलण्यातलं एक वैशिष्ट्य. तो मुलाला दुष्ट म्हणत नव्हता. समोर रडणारं पोर मायाळू आहे, हे त्याला दिसत होतंच. त्याचं म्हणणं वेगळं होतं. ज्या खुर्चीत तुझे वडील बसलेत त्या खुर्चीत तू बसलास की तुझ्याही हातून हेच होईल. खुर्चीच तशी आहे. अक्षरशत्रू असेल-नसेल त्या भूदासाने, पाठीवर ताज्या वळांची आग होत असताना, दंडशास्त्रातला सगळ्यात अवघड सवाल एका वाक्यात मांडून ठेवला होता.

त्या सवालाचं उत्तर शोधण्यात मुलाचं सगळं आयुष्य गेलं.

आधी नशिबाने त्याला खुर्चीकडेच नेलं. आठेक वर्षांचा असताना मॉस्कोच्या सरदार सभेच्या भव्य दालनात बादशहा पहिल्या निकोलसच्या सन्मानार्थ वेषभूषेचा समारंभ झाला. इराणी पोशाखातला हा गोंडस मुलगा बादशहाच्या नजरेत भरला. भावी सम्राज्ञीच्या मांडीवर त्या रात्री तो झोपी गेला. 1857 मध्ये तो पीटर्सबर्गच्या राजसेवकांच्या शाळेत दाखल झाला. 1862 मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला तेव्हा तो दुसऱ्या अलेक्झांडर बादशहाचा खासगी सेवक होता. कुठल्याही मानाच्या पलटणीत नाव घालता आलं असतं. बरोबरीची मुलं हसली, वडील संतापले, पण एकोणिसाव्या वर्षी त्याने निवड केली ती सैबेरियातल्या अमूर नदीकाठच्या कोसॅक घोडदळाची. भूदासांची मुक्तता नुकतीच, 1861 मध्ये झाली होती. देशभर सुधारणांचं वारं होतं. दूरच्या मुलखात खरं काम करायला मिळेल, अशी त्याची आशा होती.

आणि काम मिळालंही. बैकाल सरोवरापलीकडच्या चिता गावी जनरल कुकेल नावाचा भला गव्हर्नर होता. त्याच्या हाताखाली प्योत्र लागला. राजधानीतून हुकूम आला होता की तुरुंग आणि सक्तमजुरीची व्यवस्था सुधारण्यासाठी अहवाल करा. समितीचा सचिव म्हणून या पोराची नेमणूक झाली. तुरुंग सुधारता येतील, यावर तेव्हा त्याचा पूर्ण विश्वास होता. हे लक्षात ठेवलं पाहिजे. पुढे तुरुंगच नकोत म्हणणारा हा माणूस आधी तुरुंगसुधारणेचा सरकारी कारकून होता. रात्र रात्र जागून त्याने कागद तयार केले. कैद्यांच्या तांड्यांच्या मुक्कामाची कोंदट खुराडी पाहिली, मिठागरांच्या वाफेत आणि सोन्याच्या खाणींत झिजणारी माणसं पाहिली. अहवाल पीटर्सबर्गला गेला आणि बासनात गुंडाळला गेला. कुकेलने एका हद्दपार कवीला माणुसकीने वागवलं होतं, म्हणून त्याचीच बदली झाली.

याच काळातली एक हकिगत फार बोलकी आहे. एका जिल्ह्याचा पोलीसप्रमुख शेतकऱ्यांना लुबाडत होता, बायाबापड्यांनाही फटके मारत होता. चौकशीला प्योत्रला पाठवलं. गावकरी तोंड उघडेनात. आज हा साहेब आला, उद्या निघून जाईल, मागे आपण आणि हाच पोलीस, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. दोन आठवडे त्यांच्यात राहून, विश्वास मिळवून त्याने एकेक जबानी गोळा केली. पुरावा इतका पक्का झाला की पोलीसप्रमुखाला पदावरून काढावंच लागलं. प्योत्रला वाटलं, न्याय झाला. काही महिन्यांनी कळलं की त्याच माणसाला कामचात्काला पाठवलंय, आणखी वरच्या जागेवर. तिथे मूळ रहिवाशांना लुटायला विचारणारंही कुणी नव्हतं. पुढे तो गबर होऊन राजधानीत परतला आणि वर्तमानपत्रांत देशभक्तीपर लेख लिहू लागला.

अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, माणूस वाईट निघाला. प्योत्र मात्र तेवढ्यावर थांबेना. जी व्यवस्था एका टोकाला उपाशी चोराला खाणीत गाडते आणि दुसऱ्या टोकाला गणवेशातल्या चोराला बढती देते, तिच्यात एकाला हटवून काय होणार? कुंपणच शेत खातं म्हटल्यावर एक खुंट बदलून शेत वाचत नाही.

सैबेरियाने त्याला दुसरंही काही दाखवलं. अमूर नदीतून धान्याच्या पडावांचा ताफा खाली न्यायची जबाबदारी त्याच्यावर आली. खलाशी म्हणून हाताखाली आली ती सक्तमजुरी भोगून सुटलेली माणसं. आजूबाजूला शेकडो मैल निर्जन प्रदेश, आणि हुकमाला पाठबळ द्यायला शिपाई नाहीत. आपण जमीनदाराच्या घरातून आलो, हुकूम सोडल्याशिवाय आणि दरडावल्याशिवाय कामं होत नाहीत अशी आपली पक्की समजूत होती, असं तो मोकळेपणाने कबूल करतो. नदीवर ती समजूत गळून पडली. जिथे एकाची चूक सगळ्यांना बुडवू शकते, तिथे माणसं सांगून, समजून, एकमेकांच्या विचाराने काम करतात, आणि धाकाने झालं नसतं इतकं चांगलं करतात. मराठी वाचकाला इथे औंध संस्थानचं स्वतंत्रपूर आठवेल. आटपाडीजवळच्या त्या माळावर कैद्यांना भिंतीशिवाय, बायकामुलांसह, शेतीवर ठेवलं गेलं, आणि त्यावरूनच शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. अमूरवरच्या पडावांतही तेच घडत होतं, पाऊणशे वर्षं आधी.

1866 मध्ये बैकालच्या काठी रस्त्याच्या कामाला जुंपलेल्या पोलिश हद्दपार कैद्यांनी उठाव केला. तो चिरडला गेला आणि काही जणांना गोळ्या घातल्या. प्योत्र आणि त्याचा थोरला भाऊ अलेक्झांडर, दोघांनी ठरवलं की हा गणवेश आता अंगावर नको. ते सैन्यातून बाहेर पडले.

पुढची काही वर्षं तो भूगोलात रमला. आशियाच्या डोंगररांगांची मांडणी, हिमयुगाचा अभ्यास. 1871 मध्ये फिनलंडात हिमनद्यांच्या खुणा शोधत फिरत असताना भूगोल संस्थेने चिटणीसपद देऊ केलं. आयुष्यभराचं स्वप्न होतं ते. त्याने नकार कळवला. आजूबाजूचा शेतकरी दगडातून भाकरी काढतोय आणि मी हिमयुगाचा आनंद एकट्याने कसा घेऊ, हा सल होता. मग स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातल्या घड्याळजींची संगत, पीटर्सबर्गच्या कामगारवस्त्यांत खोट्या नावाने रात्रीची व्याख्यानं, आणि मार्च 1874 मध्ये अटक. आदल्याच दिवशी भूगोल संस्थेत त्याने हिमयुगावरचा निबंध वाचला होता.

त्याला नेलं ते नेव्हा नदीच्या काठी, पीटर आणि पॉल किल्ल्यात. कोठडी म्हणजे खरं तर तोफ ठेवायची जागा. जाड भिंत, वर छोटी खिडकी, दिवसाही अंधूक उजेड. भिंतींना आतून नमद्याचा थर, त्यावर पिवळा कागद, म्हणजे शेजाऱ्याचा आवाज येऊ नये. पहारेकऱ्यांच्या पायांत नमद्याचेच बूट, म्हणजे त्यांचाही आवाज येऊ नये. दारात एक भोक, त्यातून मधूनच एक डोळा आत बघायचा. आवाज फक्त चर्चच्या घंटांचा, दर पाव तासाला.

पहिल्या दिवसांत मन रमवायला तो गाऊ लागला. ग्लिंकाच्या संगीतनाटकातलं एक आर्त पद होतं. दाराच्या फटीतून जाड आवाज आला, साहेब, गाऊ नका, मनाई आहे. काही दिवसांनी त्याने पुन्हा गायचं ठरवलं तेव्हा गळ्यातून सूरच निघेना.

ही छोटीशी बाब मला शंभर छड्यांइतकीच भयंकर वाटते. कुणी त्याला हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. तो पहारेकरीही वाईट नव्हता. बोलला ते अदबीनेच. पण माणसाच्या आतलं गाणं गेलं.

त्याने स्वतःला जपायचे उपाय शोधले. कोठडीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दहा पावलं. दीडशे फेऱ्या झाल्या की एक व्हर्स्ट, म्हणजे आपल्या मापाने किलोमीटरहून थोडं जास्त. रोज सात व्हर्स्ट चालायचं, हे व्रत. ओक लाकडाचं जड स्टूल उचलून व्यायाम करायचा. खिडकीच्या जाळीशी कबुतरं यायची, त्यांना दाणे टाकायचे. भावाने बाहेर खटपट करून लिहायची परवानगी मिळवली, पण सूर्य मावळेपर्यंतच. पीटर्सबर्गच्या हिवाळ्यात सूर्य तेव्हा दुपारी तीनला मावळे. मंडालेत टिळकांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिलं, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावंच. पण अशा तुरुंगातून ग्रंथ घेऊन बाहेर येणारे मोजके. बाकीच्यांचं काय होतं, ते प्योत्रने शेजारी ऐकलं. भिंतीवर ठोके देऊन कैदी एकमेकांशी बोलायला शिकले होते. त्याच्याशी असं बोलणाऱ्यांत खालच्या कोठडीतला एक साधा शेतकरी होता. वाचायला पुस्तक नाही, लिहायला विषय नाही, जन्मभर उघड्या रानात राबलेला माणूस. दिवसेंदिवस त्याच्या ठोक्यांतले शब्द जुळेनासे झाले. शेवटी खालून नुसत्या किंकाळ्या येऊ लागल्या. एका माणसाचं डोकं विस्कटताना ऐकत बसण्याशिवाय प्योत्रला काही करता आलं नाही.

तोवर भावालाही एका पत्रापायी पकडून सैबेरियात धाडलं होतं. प्योत्रची तब्येत खालावली, स्कर्व्ही झाला, ते स्टूल उचलवेना. त्याला लष्करी इस्पितळात हलवलं आणि तिथून 1876 च्या उन्हाळ्यात तो पळाला. समोरच्या घरातून व्हायोलिनचे सूर ऐकू आले, म्हणजे रस्ता मोकळा आहे अशी खूण होती. अंगावरचा लांबलचक झगा फेकून तो धावत सुटला, मागे संगीन रोखलेला पहारेकरी, फाटकापाशी उभी घोडागाडी. संध्याकाळी सगळं पोलीस खातं त्याला शोधत असताना तो मित्रांबरोबर राजधानीतल्या एका झगझगीत हॉटेलात जेवत बसला होता. पळून जाण्याची ही गोष्ट जगभर रंगवून सांगितली जाते. आपल्या गोष्टीत तिचं काम एवढंच की तो जिवंत सुटला.

विचार पक्का झाला तो पुढच्या तुरुंगात. 1883 च्या जानेवारीत फ्रान्समधल्या ल्यों शहरी खटला चालून, कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद असल्याबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि क्लेर्वोला पाठवलं गेलं. संत बर्नार्डने बाराव्या शतकात स्थापलेला मठ, नेपोलियनच्या काळापासून तुरुंग झालेला. रशियाच्या मानाने इथे सगळं नेटकं होतं. राजकीय कैद्यांना वेगळ्या खोल्या, भाज्या लावायला जमिनीचा तुकडा, पुस्तकं. फ्रेंच विज्ञान अकादमीने आणि एर्नेस्त रेनाँने आपापली ग्रंथालयं देऊ केली. सोबतच्या कामगारांना तो भूमिती आणि भाषा शिकवी. पलीकडच्या इमारतींत हजारावर साधे कैदी लोखंडी खाटा, तसबिरींच्या चौकटी, शिंपल्याच्या वस्तू बनवत. ओरडा नाही, मारहाण नाही, घाण नाही. सुधारलेला तुरुंग म्हणतात तो हाच.

आणि इथेच त्याच्या लक्षात आलं की दुखणं वेगळं आहे. सैबेरियात त्याने अहवाल लिहिला होता की भिंती दुरुस्त करा, हवा खेळती ठेवा, चांगले अधिकारी नेमा. क्लेर्वोत यातलं बरंच होतं. तरी सुटलेला कैदी काही महिन्यांत परत येत होता. पहारेकऱ्यांनाही त्याचं नवल वाटत नसे. शिक्षा होणाऱ्यांत जवळजवळ निम्मे आधी एकदा शिक्षा भोगलेले असतात, असं तेव्हाच्या फ्रेंच आकड्यांवरून त्याने दाखवून दिलं. ज्या शाळेतली निम्मी मुलं पुन्हा पुन्हा त्याच वर्गात बसतात, त्या शाळेला आपण काय म्हणू?

कारण त्याने आत राहून पाहिलेलं होतं. तुरुंगात माणसाला स्वतः काहीच ठरवायचं नसतं. उठायचं कधी, खायचं काय, बोलायचं कुणाशी, सगळं दुसऱ्याच्या हाती. मोहाला नाही म्हणायला जी ताकद लागते, तीच तिथे वर्षानुवर्षं वापराविना गंजते. मग एके सकाळी त्याला फाटकाबाहेर सोडायचं, खिशात चार नाणी, कपाळावर शिक्का, आणि म्हणायचं, आता नीट वाग. पहारेकऱ्यांबद्दल तो फार समजुतीने लिहितो. गावात हीच माणसं चांगले शेजारी ठरली असती. दिवसभर दुसऱ्यावर नजर ठेवायची, त्याच्या चुका मोजायच्या, या कामाने ती कोती होत जातात. दोष त्यांच्या रक्तात नाही, कामात आहे.

अंधाऱ्या बोळात मकारने सांगितलं होतं तेच हे. तुम्हीही असेच होणार ना? त्या सवालाला ‘मी चांगला मालक होईन’ हे उत्तर होऊ शकत नव्हतं. मालकच नको, हे उत्तर होतं. आता त्याला दिसलं की ‘चांगला तुरुंग’ म्हणजेही चांगला मालक.

1886 च्या जानेवारीत तो सुटला. त्याच वर्षी सैबेरियात, तोम्स्कमध्ये, अलेक्झांडरने आत्महत्या केली. दहाबारा वर्षांची हद्दपारी संपत आली होती. पुढच्या वर्षी प्योत्रला मुलगी झाली, तिचं नाव त्याने अलेक्झांड्रा ठेवलं. आणि त्याच 1887 मध्ये लंडनमध्ये रशियन आणि फ्रेंच तुरुंगांवरचं त्याचं पुस्तक आलं. तुरुंग हवेत तरी कशाला, हा प्रश्न त्याने त्यात सरळ विचारला. वेड्यांना एकेकाळी साखळदंडांनी बांधत. पिनेलने पॅरिसमध्ये ते सोडले तेव्हाही शहाण्यांना वाटलं होतं की आता अनर्थ होणार. बेल्जियममधल्या खील गावचे शेतकरी मनोरुग्णांना पिढ्यानपिढ्या घरात ठेवून घेतात, एका ताटात जेवतात. मग चोराबद्दल आपली कल्पनाशक्ती साखळीपाशीच का थांबते, हा त्याचा मुद्दा.

त्याचं सगळंच मला पटत नाही. तपमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून महिन्याच्या खुनांचा आकडा काढायचं एक गणित त्याने लोकांपुढे मांडलं होतं. भूगोलवेत्त्याची ती हौस होती. त्यावर आज कुणी भरवसा ठेवू नये. त्याहून मोठी उणीव म्हणजे, ज्याच्या घरात खून झाला त्याच्याविषयी तो फार थोडं बोलतो. जिचं लेकरू गेलं त्या आईला समाजव्यवस्थेची कारणं पुरत नाहीत. तिला उत्तर हवं असतं, आणि ते मागायचा तिला हक्क आहे. स्वतः कैदी राहिलेल्या माणसाला भिंतीच्या आतली बाजू जशी दिसली, तशी बाहेर ओक्साबोक्शी रडणारी बाई दिसली नाही. अनुभव माणसाला डोळे देतो, पण ते त्याच्याच उंचीवरून बघतात.

ती कसर पुढच्यांनी काही प्रमाणात भरून काढली, आणि गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की त्यांनाही हे शहाणपण पुस्तकातून मिळालं नव्हतं. हॉलंडचे लुक हुल्समन दुसऱ्या महायुद्धात स्वतः छावणीत डांबले गेले होते. पुढे रॉटरडॅममध्ये प्राध्यापक झाल्यावर दंडव्यवस्थाच मोडीत काढा, असं ते आग्रहाने सांगत राहिले. नॉर्वेच्या नील्स क्रिस्तींनी तरुणपणी आपल्याच देशातल्या त्या पहारेकऱ्यांचा अभ्यास केला, ज्यांनी युद्धकाळात उत्तरेकडच्या छावण्यांत सर्बियन कैद्यांचे हाल केले होते. त्यांना आढळलं की क्रूर वागलेले आणि न वागलेले पहारेकरी सारखेच साधे तरुण होते. फरक एवढाच की न वागलेल्यांनी कैद्यांना जवळून पाहिलं होतं, त्यांच्या घरच्यांचे फोटो बघितले होते. 1977 मध्ये क्रिस्तींनी लिहिलं की भांडण हे भांडणाऱ्यांचं असतं; सरकार आणि वकील ते त्यांच्याकडून काढून घेतात, आणि ज्याचं नुकसान झालं तोच आपल्या खटल्यात परका होतो. क्रोपोत्किनला न दिसलेली ती रडणारी बाई इथे पुन्हा बोलायला बसते.

आता गोष्टीचा शेवट. 1917 मध्ये झारशाही कोसळली आणि चाळीस वर्षांच्या वनवासानंतर पंचाहत्तरीकडे झुकलेला क्रोपोत्किन रशियात परतला. ज्या क्रांतीची वाट पाहिली ती आली होती. काही महिन्यांत तुरुंग पुन्हा भरले. कैद्यांचे पक्ष बदलले, भिंती त्याच. मॉस्कोजवळच्या द्मित्रोव गावी थंडीत, अर्धपोटी राहून म्हातारा लिहीत होता. 1920 च्या डिसेंबरात नव्या राजवटीने विरोधकांना ओलीस धरायचं जाहीर केलं, तेव्हा त्याने लेनिनला पत्र लिहून खडसावलं की ही मध्ययुगातली रीत आहे. खुर्चीत या वेळी त्याच्याच विचाराच्या आसपासची माणसं होती. मकारचा सवाल त्यांनाही लागू होता.

8 फेब्रुवारी 1921 रोजी तो वारला. देह मॉस्कोला आणला आणि लोकांच्या दर्शनासाठी कामगार संघटनांच्या सभागृहात ठेवला. क्रांतीपूर्वी हेच सरदार सभेचं दालन होतं. इराणी पोशाखातला तो मुलगा सत्तर वर्षांपूर्वी इथेच भावी सम्राज्ञीच्या मांडीवर झोपी गेला होता.

त्याच्या मताचे, म्हणजे मालकच नको म्हणणारे, अनेक जण तेव्हा मॉस्कोच्या तुरुंगांत होते. त्यांना अंत्ययात्रेला येऊ द्या, अशी मागणी झाली. बरीच ओढाताण झाल्यावर मोजक्यांना त्या दिवसापुरतं सोडलं, तेही संध्याकाळी परत येऊ या त्यांच्या शब्दावर. त्यांच्यासाठी यात्रा खोळंबली. ते आले, शवपेटीला खांदा दिला, कडाक्याच्या थंडीत हजारोंच्या सोबतीने नोवोदेविची स्मशानापर्यंत चालत गेले, तिथे बोलले. गर्दीत नाहीसं व्हायला त्या दिवशी कुणालाही जमलं असतं.

अंधार पडल्यावर ते तुरुंगाच्या फाटकाशी परत आले.